हबला मराठी शब्द

"सर, तो शब्द काढून टाका," प्रज्ञा म्हणाली.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते. कॉलेजातल्या लांब टेबलावर आम्ही नवा फ्लेक्स पसरून पाहत होतो. त्यावर प्रज्ञाच्याच गावाचा नकाशा होता. रस्ते, नाले, विहिरी दाखवणारा नव्हे, माणसांचा. एक घर म्हणजे एक ठिपका. दोन घरांत निरोपांची देवाणघेवाण असेल तर त्या दोन ठिपक्यांना जोडणारी एक रेघ. सगळ्या ठिपक्यांना नुसते नंबर दिले होते. फक्त मधल्या मोठ्या लाल ठिपक्याखाली नाव होतं: 'देवमनकाका, गावाचे सांगावेकर'.

"कोणता शब्द?"

"सांगावेकर."

"का गं? अर्थ बरोबर आहे की."

"अर्थ बरोबर असन, सर. पण आबाजीले नाही आवडणार."

देवमनकाका हे तिचे आजोबा. बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी वर्गात शुद्ध बोलायची, पण घरचा विषय निघाला की भाषा घरची व्हायची. मी हसलो आणि तिला दहा मिनिटं समजावलं. इंग्रजी शब्द तसेच घोकत राहिलो तर हा विषय आपला कधी होणार, लोकांच्या तोंडचे जुने शब्द मरू द्यायचे का, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "ठीक आहे, सर."

विद्यार्थी 'ठीक आहे, सर' म्हणाला म्हणजे त्याला पटलंच असं नसतं. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं. मला ते तेव्हाच कळलं होतं, हे आज कबूल करतो. पण फ्लेक्स छापून झाला होता. सन्मानपत्रही छापून झालं होतं. आणि तो शब्द मी शोधलेला होता.

मी मंगरूळपीरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. सिलॅबस बदलला तेव्हा एक नवा पेपर आला: सामाजिक आणि आर्थिक नेटवर्कची ओळख. विभागात आम्ही दोघंच. दुसऱ्या सरांनी आधीच बँकिंग धरून ठेवलं होतं. त्यामुळे हा पेपर माझ्याकडे आला.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आमच्या गावात नेटवर्कच नाही येत. मंग पेपर द्यायचा कसा?"

वर्ग हसला. मी तिथूनच सुरुवात केली. मोबाइलचं नसलं तरी माणसांचं नेटवर्क प्रत्येक गावात असतं. फवारणीचा पंप बिघडला तर कोणाचा मागून आणता? बहिणीचं स्थळ कोणी सुचवलं? जऊळक्याच्या स्टेशनवर उतरलात आणि बस गेलेली असली तर कोणाला फोन करता? प्रत्येक उत्तर म्हणजे एक रेघ. पुस्तकात माणसाला नोड म्हणतात, रेघेला एज. ज्या माणसापाशी पुष्कळ रेघा येऊन मिळतात तो हब. दोन वेगळ्या घोळक्यांना जो एकटा जोडतो तो ब्रिज. तो काढून घेतला तर घोळके सुटे होतात.

मुलांसाठी मी हे शब्द मराठीत करू लागलो. नोडला गाठ, एजला धागा, ब्रिजला पूल. एखादा माणूस किती जणांच्या मधे पडतो हे मोजायचं एक गणित आहे. त्याला मी 'मधलेपणा' म्हटलं. मुलांना हे आवडलं. मला त्याहून जास्त आवडलं. एक छोटी पुस्तिका काढावी, मागे शब्दांची यादी द्यावी, असं मनात येऊ लागलं. अडलं होतं फक्त हबपाशी. केंद्र म्हणावं तर आमच्या मुलांना परीक्षा केंद्र आठवतं.

प्रोजेक्टसाठी प्रत्येकाने एक गाव घ्यायचं होतं. प्रज्ञाने स्वतःचं घेतलं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तालुक्यातलंच आहे. त्याचे तीन भाग आहेत: मूळ गाव, बुद्धविहाराभोवतीची वस्ती आणि नाल्यापलीकडची वाडी. वाडीतले बरेच लोक दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर, रस्त्यांच्या कामांवर बाहेर जातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परततात. म्हणून मी प्रश्न असा दिला: 'बाहेरगावी असलेल्या तुमच्या माणसाची खबर तुम्हाला कोणाकडून कळते, आणि इकडची खबर त्याला कोण कळवतं?'

प्रज्ञाने घर न् घर केलं. दोन मुलांना सोबत घेऊन तिने तो डेटा कॉम्प्युटरवर भरला. नकाशा निघाला तेव्हा आम्ही सगळे पाहतच राहिलो. तिन्ही भागांतल्या रेघा एकाच घरी येऊन मिळत होत्या. वस्तीतल्या देवमनकाकांच्या घरी.

"तुझ्या आजोबांचा धंदा काय आहे?" मी विचारलं.

"पयले त्यांचं एसटीडी बूथ होतं, सर. आता तीन एकर शेती."

गोष्ट साधी होती. पूर्वी गावात फोन फक्त त्यांच्या बूथवर होता. बाहेर गेलेली माणसं तिथे फोन करायची आणि काका घरी जाऊन निरोप सांगायचे. पुढे मोबाइल आले, बूथ बंद झालं, पण सवय राहिली. भट्टीवर गेलेला माणूस सिमकार्ड बदललं की नवा नंबर आधी देवमनकाकांना कळवायचा. त्यांनी वही ठेवली होती. कोणी आजारी पडलं, कोणाला मूल झालं, कोणी वारलं, की घरची माणसं काकांच्या दारात यायची आणि काका फोन लावायचे.

असा स्वच्छ हब पुस्तकातही सापडत नाही. त्याच आठवड्यात मला शब्द सुचला.

मी मूळचा धनजचा. लहानपणी घरात ऐकलेलं होतं, 'सांगावा आला.' सांगावा म्हणजे निरोप, आणि बहुतेक वेळा मरणाचा निरोप. त्यावरून मी सांगावेकर केला. वहीत लिहून दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. घरंदाज आडनावासारखा वाटला. सांगावा घेऊन येणारा माणूस आमच्या अंगणातच उभा राहायचा आणि त्याचा पाण्याचा पेला बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा, हेही मी पाहिलेलं होतं. शब्द आठवला तेव्हा तो पेला मला आठवला नाही. 

प्राचार्यांना नकाशा दाखवला. त्यांना वेगळंच काही दिसलं.

"सर, कॉलेजच्या तपासणीची कमिटी येऊन राहिली पुढच्या महिन्यात. हे कॉलेजात नका दाखवू. गावात घ्या. फोटो गावातले पाहिजेत."

"गावात कोण येईल ऐकायला?"

"सत्कार ठेवा. सत्कार म्हटलं की लोक बसतात. त्या काकांचाच ठेवा. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. मजकूर तुम्ही द्या."

मजकूर मी दिला.

कार्यक्रम ग्रामपंचायतीसमोर झाला. मंडप भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर गावातले जुने लोक, मागे वाडीतल्या बाया, एका बाजूला वस्तीतली माणसं. देवमनकाका स्टेजवर होते. सत्तरीचा उंच, काटक माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी माईक घेतला. मी बरा बोलतो, असं लोक म्हणतात. त्या दिवशी जास्तच बरा बोललो. नोड, एज, मधलेपणा, सगळं सोपं करून सांगितलं. मग लाल ठिपक्यावर काठी ठेवून म्हणालो, "पूर्वी गावात कोणी गेलं की मौतीचा सांगावा घेऊन एक माणूस पायी गावोगाव जायचा. आज पायांच्या जागी फोन आला. पण काम तेच आहे. देवमनकाका आपले आजचे सांगावेकर आहेत!"

पुढच्या रांगेतल्या दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "वा रे सांगावेकर!" आणि टाळ्या पडल्या. मी त्याला दाद समजलो.

काकांनी शाल घेतली. सन्मानपत्र हातात आल्यावर उभ्या उभ्या सगळं वाचलं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्याची चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली. मी माईक त्यांच्यापुढे धरला. "काका, दोन शब्द."

"बोलाले काही नाही," ते म्हणाले.

मी माईक परत घेतला आणि लोकांना सांगितलं, "काका भावुक झाले आहेत."

या सगळ्या प्रकरणातली कोणती आठवण सर्वात टोचते असं कोणी विचारलं, तर हे वाक्य.

त्यानंतर प्रज्ञा आठवडाभर कॉलेजला आली नाही. मी तिला फोन केला नाही. कमिटीची गडबड होती. कमिटी आली, फोटो पाहिले, खूश होऊन गेली. पंधरा दिवसांनी दुपारी देवमनकाका विभागात आले. हातात कापडी पिशवी.

"या काका, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. हे ठेवून घ्या."

पिशवीतून त्यांनी एक जाड रजिस्टर काढलं. कव्हर सुटून गेलेलं, पाठीला जाड दोऱ्याने शिवलेलं. एका घराला एक पान. नंबर खोडून त्याखाली नवा, तो खोडून आणखी नवा. समोर भट्टीचं नाव, ठेकेदाराचा नंबर, जवळचं गाव. मी पानं उलटू लागलो.

"काका, हा तर खजिना आहे! किती दिवसांसाठी देता?"

"दिवस कायचे? तुमीच ठेवा."

"अहो, पण तुम्हाला लागेल ना."

"मले कायले लागन?" ते खुर्चीवर बसले. "सर, तुमी धनजचे ना जी?"

"हो."

"मंग तुमाले माहीत असन, मौतीचा सांगावा घेऊन कोण जाये ते."

मी पानं उलटणं थांबवलं.

"माहा बाप जाये," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बारा-बारा कोस. गाव लागलं का जोडे हातात. दारात उभं राहून सांगाचं, अमका गेला. मंग वरून पाणी वतत. कोणी शिळी भाकर टाके, कोणी तेबी नाही. घरात पोरगं तापानं फणफणत असलं तरी उठ म्हटलं का उठाचं. धम्म घेतला तवा बापानं सांगून देल्लं, आजपासून तुमची मौत तुमी सांगा. मार खाल्ला त्याच्यापायी. पण गेला नाही."

"काका, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुमाले काय म्हणाचं होतं ते तुमाले माहीत. गावानं काय आयकलं ते मले माहीत हाय. परवा हाटेलात एक जण म्हणते, ओ सांगावेकर, आमची म्हैस मेली, साऱ्या पाहुण्याइले कळवून द्या. सारे हासले."

"मी येतो गावात. मी त्यांना समजावून सांगतो."

"काय समजावून सांगसान? मी फोन लावत होतो तो माह्या मनानं. कोणी उठ म्हटलं म्हणून नाही. तुमी म्हटलं, काम तेच हाय." ते उठले. पिशवीची घडी करून बगलेत धरली. "काम ते नोहतं, सर."

ते गेल्यावर मी नकाशा पुन्हा काढून पाहिला. नकाशात रेघ ही रेघ असते. तिला बाण काढता येतो, तिची जाडी कमी-जास्त करता येते. पण त्या रेघेवरचा माणूस मनाने चालतोय की कोणी हाकलला म्हणून, हे रेघेत दिसत नाही. बापाने मार खाऊन टाकून दिलेलं काम मुलाने स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या घरी, खुर्चीवर बसून वेगळ्या तऱ्हेने उभं केलं होतं. मी दोन्ही रेघा एकच ठरवल्या.

एवढं समजल्यावर मी काय करायला हवं होतं? त्याच संध्याकाळी वही घेऊन गावात जायला हवं होतं. किमान झेरॉक्स काढून एक प्रत प्रज्ञाकडे द्यायला हवी होती. मी वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मनाला सांगितलं की काकांचा राग जरा निवू द्यावा. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, बदलत्या नंबरांची इतक्या वर्षांची नोंद कोणत्याही संशोधकाला मिळत नाही, आणि ती मला मिळाली होती. दोन शनिवार मी त्या वहीतले तक्ते करत बसलो होतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी अकोल्याला होतो. साळ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. कॉलेजला सुट्टी. मोबाइल सायलेंटवर करून बायकोच्या पर्समध्ये दिलेला. चारच्या सुमारास तिने तो माझ्या हातात दिला. "कोणाचे तरी लय फोन येऊन गेले."

चौदा मिस्ड कॉल. सगळे प्रज्ञाचे.

"काय झालं गं?"

"सर, वही पायजे. आत्ताच. आम्ही कॉलेजात येऊन बसलो हाओत."

वाडीतल्या विलासचे वडील सकाळी आठ वाजता वारले होते. विलास एकुलता एक, पुण्याकडच्या एका भट्टीवर. घरच्यांकडे त्याचा जुना नंबर होता, तो बंद. नवा नंबर त्याने गेल्या महिन्यात घरी कळवला होता म्हणे, पण आईला लिहिता येत नव्हतं आणि ज्या पुतण्याने लिहून घेतला त्याला तो कागद सापडेना. नऊ वाजता ती माउली देवमनकाकांच्या दारात येऊन बसली. काकांचा मोबाइल बटणांचा. त्यात ते नंबर साठवत नसत. त्यांचं सगळं वहीत. नवा नंबर त्यांच्याकडेही आलेला नव्हता, कारण त्यांनी घेणं बंद केलं होतं. पण भट्टीच्या ठेकेदाराचा नंबर वहीत होता, आणि भट्टी तीच होती.

पुढचं प्रज्ञाने नंतर सांगितलं. काकांनी शर्ट चढवला, शेजाऱ्याची मोटरसायकल मागितली, नातीला मागे बसवलं आणि मंगरूळपीरला आले. अकरा वाजल्यापासून ते दोघं कॉलेजच्या पायरीवर बसून होते.

"चौकीदाराला फोन दे," मी म्हणालो. तो आल्यावर त्याला सांगितलं, "किल्ली माझ्याजवळ इथे आहे. कपाटाचं कुलूप तोडा."

"साहेब, सरकारी कपाट हाय. मी नाही तोडत. प्राचार्य साहेबाइले सांगा."

प्राचार्यांना लावला. ते नागपूरला होते.

"सर, ते कपाट स्टॉक रजिस्टरवर आहे. तोडायचं तर लेखी पाहिजे."

"सर, माणूस वारलाय. मुलाला कळवायचंय."

"मग व्हॉट्सअॅपवर अर्ज टाका. मी मंजूर लिहून पाठवतो."

मी मंगल कार्यालयाच्या जिन्यात बसून अर्ज लिहिला. 'विषय: विभागातील कपाटाचे कुलूप तोडण्यास परवानगी मिळणेबाबत.' पाठवला. मंजुरी यायला दीड तास गेला. ते गाडी चालवत होते. चौकीदाराने सब्बल आणून कुलूप तोडलं तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती.

काकांनी पान लगेच काढलं. ठेकेदार भला माणूस निघाला, त्याने विलासला बोलावून फोन दिला. काकांनी त्याला सांगितलं. विलास म्हणाला, "काका, बाबाले ठेवा. मी निघूनच राह्यलो. सकाळी पोहोचतो."

"ठेवतो," काका म्हणाले.

ते कॉलेजच्या गेटबाहेर येत होते, तेवढ्यात गावातून प्रज्ञाला फोन आला. दिवसभर वाट पाहून लोक थकले होते. पोराचा पत्ता नाही, सूर्य मावळायच्या आत उरकू या, असं वाडीतल्या मोठ्यांचं ठरलं. साडेपाचला उचललं होतं. अग्नी पुतण्याने दिला.

दुसरा फोन कोणी लावायचा हा प्रश्न होता. प्रज्ञा म्हणाली, "आबाजी, मी लावतो." त्यांनी मान हलवली आणि स्वतः लावला. गेटजवळ उभं राहून, विलासने मघाशी सांगितलेल्या नव्या नंबरावर. विलास तोवर भट्टीवरून निघून रस्त्याला लागला होता.

पाचव्या दिवशी मी वाडीत गेलो. विलास ओट्यावर पोत्यावर बसला होता. पस्तिशीचा असेल. त्याने मला बसायला जागा दिली. मी ओळख सांगितली.

"माय सांगे, तुमी गावाचा नकाशा काढला होता," तो म्हणाला.

"हो."

"त्यात बाबा होता?"

"होते. तुमच्या घराचा ठिपका होता."

"अन् मी?"

तो नव्हता. सर्व्हे करताना आम्ही फक्त गावात राहणारी माणसं मोजली होती. कुठेतरी हद्द आखावी लागते, तशी ती आखली होती. पुस्तकात त्याचंही नाव आहे. मी ते त्याला सांगितलं नाही. "तू नव्हतास," एवढंच म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. मग आत वळून ओरडला, "माय, सरले पाणी दे वं."

तिथून मी वही घेऊन देवमनकाकांकडे गेलो. आधीच ठरवलं होतं की सबबी सांगायच्या नाहीत.

"काका, माझं चुकलं."

"हो. चुकलं," ते म्हणाले.

'जाऊ द्या' ते म्हणाले नाहीत. वही त्यांनी घेतली. पण परत फोन लावायला बसले नाहीत. त्यांनी वहीची शिवण उसवली आणि प्रज्ञाच्या हातून प्रत्येक घराचं पान त्या त्या घरी पोचतं केलं. ज्याचे नंबर त्याने सांभाळावेत.

माझ्या विषयाच्या हिशेबाने पाहिलं तर हे चांगलंच झालं. सगळ्या रेघा एका ठिपक्याशी बांधलेलं नेटवर्क नाजूक असतं. तो ठिपका गेला की सगळं कोलमडतं. आता प्रत्येक घर आपल्या पायावर उभं आहे. हे मी एप्रिलमध्ये प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत प्रज्ञाला बोलूनही दाखवलं. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी बसले होते.

"सर, आता नकाशा काढला तर तीन तुकडे निघतील," ती म्हणाली.

"कसे काय?"

"वाडीतले लोक फोनच्या निमित्तानं आमच्या घरी यायचे. गावातलेही यायचे. फोन लागेपर्यंत ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे. आमच्या वस्तीत त्यांचं चहा पिणं तेवढंच होतं. आता कोणाला यायचं कामच नाही." मग म्हणाली, "आबाजी संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकतात. पण कोणी येत नाही."

परीक्षकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हेरी गुड. पुलाचं उदाहरण छान दिलं." तिला वर्गात सर्वात जास्त मार्क मिळाले. ती आता अमरावतीला एमएसडब्ल्यू करते. रस्त्यात भेटली तर नमस्कार करते. निरोप समारंभाच्या दिवशी तिने मला एकच गोष्ट मागितली. पुढच्या वर्षी सर्व्हेसाठी तिचं गाव कोणाला देऊ नये. मी दिलं नाही.

पेपर मी अजून शिकवतो. पुस्तिका काढली नाही. हबला हबच म्हणतो. नव्या बॅचला पहिल्या तासाला एक नियम सांगतो: नकाशा लोकांना दाखवण्याआधी त्यातल्या माणसाला दाखवायचा, त्याच्या घरी बसून, एकट्याला, आणि तो जे खोडायला सांगेल ते कारण न विचारता खोडायचं. मुलं हे वहीत लिहून घेतात. परीक्षेला येईल असं त्यांना वाटतं.

कमिटीचा रिपोर्ट उन्हाळ्यात आला. त्यात आमच्या कार्यक्रमाचा फोटोसह उल्लेख आहे: 'समाजाभिमुख, अनुकरणीय उपक्रम.' पदोन्नतीच्या अर्जात अशा उपक्रमाला वेगळे गुण असतात. माझा अर्ज मी जानेवारीतच भरून दिला होता, विलासचे वडील जायच्या आधी. गुण मिळाले, पदोन्नतीही झाली. ते गुण परत करता येतील का, म्हणून मी ऑफिसात विचारून आलो. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.